चोच उघडली म्हणजे भूकच असते असं नाही

उन्हाळ्यात ढोलीतून पोपटाचं पिल्लू खाली पडतं आणि घरातली आजी लगेच दूध-भात कालवू लागते. मंडळी, माया समजते. पण तीच माया पिल्लाच्या जिवावर उठते. पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत वरून पाणी ओतलं, तर ते श्वासनळीत जाऊन पिल्लू दगावतं. नुसत्या स्पर्शानेही ते चोच उघडतं, म्हणून भरवत सुटू नये. गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी होत आली की मगच पुढचा घास, तोही एका वेळी वजनाच्या साधारण १० टक्के. अन्न ४० अंशांच्या आसपास कोमट हवं. फार गरम असलं तर पिशवी आतून भाजते, गार असलं तर अन्न तिथेच आंबतं.

हे जाणकाराचंच काम. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार आपल्याकडचे पोपट पाळता येत नाहीत. म्हणून आधी ढोली शोधा, पिल्लू परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा गैरसमज आहे. नाहीच जमलं, तर खोक्यात उबेला ठेवून वनखात्याला कळवा.

नातवंडांमागे ताट घेऊन धावणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे : भरवणाऱ्याचं समाधान हे भुकेचं माप नव्हे.