पाचवी तार

आमच्या घरात परवापरवापर्यंत एकच तंतुवाद्य होते. गॅलरीत कपडे वाळत घालण्यासाठी ताणलेल्या चार तारा. पाचवी बांधून घ्या, असे सौभाग्यवती गेली सहा वर्षे सांगत होत्या, आणि चारांत भागते आहे ना, मग पाचवी कशाला, हे माझे ठरलेले उत्तर होते. त्यामुळे श्रावणात एका संध्याकाळी चिरंजीव माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि "बाबा, मला पाच तारांची बेस गिटार घ्यायचीय" असे म्हणाले, तेव्हा तेच उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले.

"मित्राची आणली आहेस ती चार तारांचीच ना? मग? अरे, आपल्या संतांनी एकाच तारेवर..."

"बरं," एवढे म्हणून तो निघून गेला.

इथे थोडा खुलासा केला पाहिजे. हे चिरंजीव इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात गचकले. त्या दिवशी मी जे बोललो ते मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल असे अलंकारिक होते. बापाला शोभेल असे मात्र नव्हते. तेव्हापासून आठ महिने आमच्या दोघांचा सगळा व्यवहार "हो", "बरं" आणि "बघतो" या तीन शब्दांवर चालला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले की, आठ महिन्यांत तो माझ्याशी बोललेले हे पहिले पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, सारे जागच्या जागी. आणि मी त्यावर तपासनिसाच्या सवयीने तांबडी रेघ ओढून मोकळा झालो होतो!

दुसऱ्या दिवशी मीच त्याच्या खोलीत गेलो. म्हटले, "मला समजावून सांग. चार तारांत नडतं कुठं?"

त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. मग माळ्यावरची त्याच्या आजोबांची पेटी खाली काढली आणि मला समोर बसवले.

"चार तारांची सगळ्यांत खालची तार म्हणजे पांढरी तीन," तो म्हणाला. "त्याच्या खाली स्वरच नाही. आणि आमचा गाणारा गातो काळी एकमध्ये. म्हणजे त्याचा खर्जाचा षड्ज माझ्या गिटारच्या बाहेर पडतो. मला दर वेळी उडी मारून वरच्या षड्जावर जावं लागतं. पाचवी तार पांढरी सातला लावलेली असते. तिच्यावर दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की काळी एकचा खर्ज हातात येतो."

मला कळले, आणि पटलेही. तंबोऱ्याची खर्जाची तार काढून घेतली तर गवई कोणत्या तोंडाने बसेल? चार तारांच्या खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, आणि या पाचवीची सुमारे ३१. त्या दहा कंपनांसाठी माझा मुलगा आठ महिन्यांचे मौन सोडून माझ्या टेबलापाशी आला होता.

मग तो बोलतच राहिला. फेंडर कंपनीने १९५१ साली आपली प्रिसिजन बेस बाजारात आणली ती चार तारांची. १९६५ साली त्याच कंपनीने पाच तारांची काढली, पण जादा तार बसवली वरच्या बाजूला. ती काही फारशी चालली नाही. खालची तार आली १९७० च्या दशकात, आणि १९८७ साली म्युझिक मॅनची पाच तारांची स्टिंगरे निघाल्यावर तिला खरा मान मिळाला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, हे त्याच्याकडूनच मला प्रथम कळले. ती गाणी मी कॉलेजात असल्यापासून गुणगुणत आलो. त्यांच्या बुडाशी कोणी एक माणूस सगळा भार पेलून उभा आहे, हे मी कधी ऐकलेच नव्हते.

पटले खरे, पण पैसे? उत्तरपत्रिका तपासून साठवलेले तीस हजार माझ्यापाशी होते. त्यांतले बारा गणिताच्या शिकवणीला द्यायचे ठरले होते. उरले अठरा. यामाहा, आयबानेझ, स्क्वायर, कॉर्ट, ही परवडणाऱ्या पाच-तारांची नावे तो सराईतपणे घेत होता. परंतु आम्ही पाहिलेल्या दुकानांत त्यांपैकी नवी एकही अठरात बसेना. बसणारी एकच होती, ती निराळ्या कुणाची. तिची खालची तार छेडली तर भिजलेल्या सुतळीसारखी लदबदली. चिरंजीव म्हणाले, "स्वस्तातली पाच-तारी इथंच मार खाते. ही तार तीन मिलिमीटरहून जाड, पण तिला ताण कमी. गळा चौतीस इंची मापाचा असतो. पस्तीस इंची असला तर ताण वाढतो, पण ती महाग. चौतीसमध्येही चांगली वाजते, नीट बनवलेली असली तर."

परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "बाबा, आणखी एक उपाय आहे. चार तारांचीच घेऊ. जाड तारा चढवून चारही खाली उतरवायच्या. वरच्या टोकाच्या खाचा जरा रुंद कराव्या लागतात, आणि सगळ्यांत वरची तार गमवावी लागते. चालेल मला."

"चालेल मला" हे शब्द मला बोचले. शिकवणीचे बारा हजार तो स्वतः मागत नव्हता. आपल्याकडचे वरचे पाच स्वर सोडायला मात्र तयार झाला होता.

"जुनी मिळते का बघ," मी म्हटले.

मिळाली. परदेशी निघालेल्या एका तरुणाची, कोथरूडात. सतरा हजार पाचशे सांगत होता. मी भाव करायला पुढे सरसावलो, तर चिरंजीवांनी मला हातानेच थांबवले आणि परीक्षा सुरू केली. पट्टा गळ्यात अडकवून हात सोडले: गळा जमिनीकडे झुकतो का? पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून मधली फट पाहिली: गळा वाकला आहे का? पाचवी तार मोकळी छेडली, मग पाचव्या पडद्यावर दाबून शेजारच्या मोकळ्या तारेशी सूर जुळतो का ते ऐकले. बटणे फिरवून खरखर पाहिली. मागचे झाकण उघडून नऊ व्होल्टची बॅटरी तपासली. तब्बल अर्धा तास. ज्याची मी गणितात ढिलाई काढली होती, तो मुलगा एक चूक सुटू देत नव्हता. अखेर म्हणाला, "दहाव्या पडद्यापाशी तार थोडी खडखडते. जुळणी करावी लागेल."

त्या एका वाक्याने दोन हजार उतरले. माझी घासाघीस लागलीच नाही. पंधरा हजार पाचशे दिले. उरल्या अडीच हजारांत नव्या तारा आणि कारागिराकडून जुळणी झाली.

घरी एक लहानसा स्पीकर आहे. त्याच्यातून ही पाचवी तार ऐकताना मी म्हटले, "छान येतोय की खर्ज!" तो हसला. "बाबा, एवढ्या स्पीकरातून मूळ कंपन बाहेर पडतच नाही. वरचे स्वर ऐकून आपला कान ते स्वतःच ओळखून घेतो." आठ महिने माझ्या कानांना हे का जमले नाही, असे मी त्याला विचारले नाही. स्वतःला मात्र विचारले.

गणिताचा पेपर दिवाळीनंतर आहे. शिकवणीला तो जातो. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, आणि रोज विचारायचेही सोडले आहे.

गेल्या रविवारी मी स्टुलावर चढून गॅलरीत पाचवी तार बांधली. सौभाग्यवतींनी कपडे घालण्यापूर्वीच चिरंजीवांनी ती बोटाने छेडून पाहिली.

"ढिली आहे, बाबा. अजून थोडी ताणा."

मी ताणली.