मडी वॉटर्सचा अल्बम आणि बहिणाबाईंचा न उरलेला आवाज

1/ ऑगस्ट 1941. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, स्टोव्हल नावाच्या कापूसमळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण आपल्या झोपडीत गिटार घेऊन बसला होता. समोर तबकडी कोरणारे ध्वनिमुद्रणयंत्र होते. त्याच महिन्यात जळगावात बहिणाबाई चौधरींनी वयाची 61 वर्षे पूर्ण केली. त्या तरुणाचा आवाज आजही ऐकता येतो, बहिणाबाईंचा येत नाही. हा धागा त्या फरकाविषयी आहे.

2/ तो तरुण मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड, म्हणजेच पुढचा मडी वॉटर्स. ध्वनिमुद्रणासाठी आले होते काँग्रेस ग्रंथालयाचे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय संगीत-अभ्यासक जॉन वर्क. पुढे लोमॅक्स यांनी त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि 20 डॉलर पाठवले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकून आपण गायक होऊ शकतो, हा विश्वास त्याला आला. 1943 मध्ये त्याने मळा सोडून शिकागो गाठले.

3/ शिकागोच्या गजबजलेल्या मद्यालयांत साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची गिटार घेतली. जिमी रॉजर्सची दुसरी गिटार, लिटल वॉल्टरचा माउथ ऑर्गन आणि पुढे ओटिस स्पॅनचा पियानो असा संच जमला. ब्लूज बँडचे जे रूप आज जगाला परिचित आहे, त्याच्या घडणीत या संचाचा वाटा फार मोठा आहे.

4/ आणि पहिला अल्बम? तो आला थेट 1958 मध्ये. 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स' या अल्बममध्ये नवे काहीच नव्हते. चेस कंपनीने आधी सुट्या तबकड्यांवर काढलेली बारा गाणी त्यात एकत्र केली होती. अशा परंपरेत पहिला अल्बम हा आरंभ नसतो. गाणे आधीच जगलेले असते. कुणीतरी ते उशिरा गोळा करतो.

5/ आता खान्देशात येऊ. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. खान्देशही त्या बाजारात ओढला गेला. मात्र या दुव्यावरून घाईने साम्य जोडू नये. मडी वॉटर्सच्या मागे गुलामगिरीचा वारसा होता; बहिणाबाई शेतकरी घरातील होत्या.

6/ बहिणाबाईंचा जन्म 1880 साली आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या जात. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी त्या टिपून ठेवत. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या आग्रहातून 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. हा खान्देशचा पहिला अल्बमच. पण गायिकेने तो पाहिला नाही आणि त्यात तिचा आवाज नाही.

7/ शब्द वाचले, मग बिघडले काय, असे कुणी म्हणेल. माझ्या मते पुष्कळ बिघडले. वहीत चाल उतरत नाही, जात्याच्या फेऱ्याबरोबर येणारा श्वास उतरत नाही. 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांच्या संगीताने आणि सुमन कल्याणपूर यांच्या गळ्याने ही गाणी घरोघरी पोहोचवली. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण त्या चाली चित्रपटाच्या आहेत. त्यांची बोली लेवा गणबोली असूनही अनेक जण तिला सरसकट अहिराणी म्हणतात. आवाज उरला असता तर हा घोळ इतका टिकला नसता.

8/ यंत्र नव्हते, ही सबबही टिकत नाही. हिंदुस्थानात 1902 पासून ध्वनिमुद्रण होत होते. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. शेतकरीण गाते तेही जतन करण्याजोगे आहे, ही दृष्टी तेवढी नव्हती. धुळ्यात 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रे निष्ठेने सांभाळत आहे. ते काम थोरच; परंतु आपण इतिहास म्हणजे कागद एवढेच धरून बसलो.

9/ हे काम अशक्य नव्हते, हे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुढे सिद्ध केले. त्यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील अनेक गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात मुद्रित केल्या.

10/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांनो, आखाजीला झोक्यावरची आणि श्रावणात कानबाईची गाणी कानी पडतील, तेव्हा गाणारीची परवानगी घ्या आणि फोनवर ती मुद्रित करा. मागे संगीत जोडू नका. तिचे नाव, गाव, बोली आणि तारीख नोंदवा. आणि मडी वॉटर्सला मिळाली तशी पहिली प्रत तिलाच ऐकवा.