कीर्द-खतावणीची प्रतिष्ठा

बारावीचे निकाल लागले की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो : 'सी.ए. होणार ना ?' प्रश्नामागील आकांक्षा रास्त आहे. तिच्यातील एकांगीपणा मात्र आम्हांस घातक वाटतो. १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालाच्या व्यवसायास जे स्थान दिले ते सार्थच आहे. त्याची परीक्षा कठीण असते आणि ती तशीच असावी. परंतु त्या दारातून आत जाऊ न शकलेल्या तरुणास जन्मभर नापासांच्या यादीत बसवावे, हा कोठला न्याय ?

वस्तुतः या क्षेत्रास दारे अनेक आहेत. उत्पादनाचा खर्च तपासणाऱ्या परिव्यय लेखापालाचा व्यवसाय १९५९ पासून, तर कंपनी सचिवाचा १९८० पासून कायद्याने प्रस्थापित आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून लहानसहान दुकानदारासही जाणत्या हिशेबनिसावाचून चालेनासे झाले आहे. आणि आमच्या मध्यमवर्गाने जवळजवळ विस्मृतीत टाकलेला मार्ग म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविकेचा. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास ही परीक्षा देता येते. ती उत्तीर्ण होऊन पुरेसा अनुभव घेतलेल्यास सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करता येते. त्यासाठी मराठीचे ज्ञान हवे, अशी अटही कायद्यातच आहे. गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, दूधसंघ यांनी गजबजलेल्या या राज्यात हे काम संपणारे नव्हे.

हे काम दुय्यम आहे असे ज्यांस वाटते त्यांनी सप्टेंबर २०१९ आठवावा. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांस प्रथम अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. बड्या थकबाकीदाराची कर्जे बँकेच्या दफ्तरात दडविली गेली होती. खोटी नोंद कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी औषधपाण्यावर आणि मुलीच्या लग्नावर येऊन पडते.

आता खतावणी संगणकच करतो, मग माणूस कशाला, असे विचारले जाते. बेरीज यंत्राने करावी. बेरजेतील रक्कम खरी आहे काय, हे यंत्र सांगत नाही. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ती नोंद वाचून शंका घेणारा माणूसच हवा.

आम्ही शिक्षक असताना सहलीचा हिशेब एका विद्यार्थ्याकडे असे. बीजगणितात तो यथातथाच. एकदा तीन रुपये शिल्लक अधिक निघाली. सर्वांनी 'सोडून दे' म्हटले; त्याने दोन दिवस पावत्या चाळल्या आणि ज्या फेरीवाल्याचे पैसे द्यावयाचे राहिले होते त्यास ते नेऊन दिले. गुणपत्रिकेत या गुणास रकाना नव्हता, आजही नाही.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. महाविद्यालयांनी खऱ्या दफ्तरावर, खऱ्या पावत्यांवर शिकवावे. उमेदवारी करणाऱ्या मुलांस कार्यालयांनी हरकामे न समजता काम शिकवावे व पोटापुरते विद्यावेतन द्यावे. आणि पालकांनी मुलाची किंमत एका परीक्षेच्या निकालावर मांडू नये. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पाहिल्यावाचून संस्थेविषयी मत देऊ नये, हे लेखाशास्त्राचे पहिले सूत्र होय. आपल्या मुलांनाही तेच लावावयास काय हरकत आहे ?