ओवीला ओवी जोडताना

जात्यावरील ओवीची गणना आपण श्रमगीतांत करतो. हे वर्गीकरण योग्य असले तरी पुरेसे नाही. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या स्त्रीला कष्ट हलके करायचे असत, तसेच दिवसभर जे बोलता येत नसे तेही बोलायचे असे. सासरचा जाच, माहेरची ओढ, विठ्ठलाची आस हे सारे तिने ओवीत मांडले. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागले, की एकीच्या ओवीला दुसरी आपली ओवी जोडत असे. आपले म्हणणे कोणीतरी ऐकले आणि ते पुढे नेले, या अनुभवात मोठा धीर होता.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. स्त्रियांचे कष्ट वाचले, हे इष्टच झाले. पण गाण्याची जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रकाशित होत आहेत. गाणारीचे नाव व गाव तेथे नोंदलेले असते आणि अनेक ओव्या तिच्याच आवाजात ऐकता येतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही कवयित्री म्हणून ओळख मिळू शकते, हे आंतरजालाचे मोठे देणे आहे.

तथापि, साठवण म्हणजे संवाद नव्हे. रोमान याकबसन यांनी भाषेची जी ६ कार्ये सांगितली, त्यांत केवळ संपर्क टिकवणे हेही एक कार्य आहे. सकाळी मोबाइलवर येणारे ‘सुप्रभात’चे संदेश मुख्यतः तेवढेच करतात. ते निरर्थक नाहीत, पण त्यांत सांगणाऱ्याचे स्वतःचे असे फारसे काही नसते. माझ्या मते, आशा निर्माण होते ती नुसत्या संपर्कातून नव्हे, तर प्रतिसादातून. ओवीची परंपरा आपल्याला हेच शिकवते.

दूरशिक्षण घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नोकरी, शेती, घरकाम आटोपून तो किंवा ती रात्री एकट्याने पुस्तक उघडते. अभ्यास सुटतो तो बहुधा विषय कठीण असतो म्हणून नव्हे, तर आपल्या वाचनाविषयी बोलायला कोणी नसते म्हणून. अभ्यासकेंद्राचा व्हॉट्सॲप गट असतो. पण त्यावर गृहपाठाची मुदत आणि परीक्षेचे वेळापत्रक यांपलीकडे फारसे काही येत नाही.

या गटाचे जाते करता येईल. प्रत्येकाने आपल्या घरातील एक ओवी, कहाणी किंवा आठवण सांगणाऱ्याची संमती घेऊन तिच्याच बोलीत नोंदवावी आणि सोबत तिचे नाव व गाव द्यावे. नाव द्यायचे नसेल, तर त्या इच्छेचा मान राखावा. इतरांनी केवळ अंगठ्याचे चिन्ह न टाकता आपल्या भागातील पाठभेद, एखादा बोलीशब्द किंवा स्वतःचा अनुभव जोडावा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी अशा बोली एकाच गटात शेजारी आल्या, तर भाषाभ्यासाला याहून चांगली सामग्री कोणती?

अशा देवाणघेवाणीने आयुष्यातील अडचणी संपणार नाहीत. ओवीनेही दळण संपत नसे. पण समोर कोणी बसले असेल, तर जाते ओढणे सोपे जाते. गटातील पहिली ओवी आपण टाकावी आणि दुसऱ्याची आली, तर तिला उत्तर द्यावे.