अंगणातील सोबती : काचपंखी पाहुणा

पावसाने जरा उघडीप दिली आणि बागेतील झुडुपे फुलांनी डवरली, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक मजकूर हमखास असतो. कधी ते पत्र इंदूरचे असते, कधी बडोद्याचे, तर कधी बेळगावचे. ‘आमच्या अंगणात हमिंगबर्ड आला होता, फुलासमोर हवेतल्या हवेत स्थिर राहून मध पीत होता, मुलांनी प्रत्यक्ष पाहिला,’ अशा आशयाचा तो मजकूर. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविण्याचे आम्हांस काहीच कारण नाही. त्यांनी पाहिले ते खरेच. फक्त नाव चुकले. हमिंगबर्ड हा पक्षी केवळ अमेरिका खंडांत आढळतो. आपल्या देशात तो नाही. आपल्याकडे फुलांतील मध चाखणारे शिंजीर पक्षी आहेत, पण ते बहुधा फांदीचा आधार घेऊनच मध पितात. मग मुलांनी पाहिला तो पाहुणा कोण? तो पक्षी नव्हे. तो आहे एक पतंग, आणि पतंगांतही फार आगळा.

त्याची ओळख पटण्यास दोन-चार खुणा पुरेत. शरीर जाडजूड, दोन्ही टोकांना निमुळते, पोपटी-पिवळसर लवीने झाकलेले. पोटाभोवती किरमिजी रंगाचा पट्टा, जणू कोणी करदोटाच बांधला आहे. शेवटी काळ्या केसांचा झुपका, जो उडताना पक्ष्याच्या शेपटीसारखा पसरतो. मिशा जाड आणि टोकाशी किंचित वळलेल्या. आणि पंख? ते एवढ्या वेगाने हलतात की उडताना नुसता धूसर भास होतो. तो कोठे क्षणभर बसलाच, तर मात्र दिसते की ते पंख काचेसारखे पारदर्शक आहेत; काळसर शिरा आणि कडेची बारीक काळी किनार सोडली, तर त्यांतून पलीकडचे हिरवे पान जसेच्या तसे दिसते. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो दीड ते पावणेतीन इंच भरतो. शास्त्रीय परिभाषेत याचे नाव ‘सेफोनोडिस हायलास’. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७१ साली त्याची नोंद केली. हॉक मॉथ, म्हणजे ससाणा पतंग, या मोठ्या कुळातील तो एक. जगभरात या कुळाच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत.

पतंग म्हटला की आपल्या मनात दिवा उभा राहतो. ज्योतीवर झेप घेऊन जळून जाणारा वेडा प्रेमी, ही त्याची प्रतिमा आपल्या काव्यात इतकी रुजली आहे की दिव्याशी काही देणेघेणे नसलेला पतंग असू शकतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. काचपंखी पतंग मात्र दिवसाचा प्रवासी आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि दुपार कलल्यावर तो घाणेरी, दुरंगी, रुक्मिणी यांसारख्या फुलांवर फेऱ्या घालतो. एका फुलासमोर दोन-चार क्षण थांबावयाचे, गुंडाळून ठेवलेली लांब सोंड उलगडून आत घालावयाची, आणि पापणी लवते न लवते तोच पुढील फुलाकडे जावयाचे, असा त्याचा क्रम. हे उड्डाण सोपे नसते. छातीचे स्नायू पुरेसे तापल्यावाचून असे तरंगणे साधत नाही. म्हणून गारव्यात हे पतंग आधी जागच्या जागी पंख थरथरवून अंग ऊन करून घेतात आणि मगच झेपावतात.

आता पंखांच्या पारदर्शकपणाकडे वळू. फुलपाखरे आणि पतंग यांच्या गणाला शास्त्रात ‘खवलेपंखी’ म्हणतात. फुलपाखरू चिमटीत धरले असता बोटांना जी रंगीत भुकटी लागते, तीच हे खवले. पंखांवरील सर्व नक्षी या खवल्यांचीच. मग ज्याच्या पंखांवर खवलेच नाहीत, तो या गणात कसा? याचे उत्तर त्याच्या आयुष्याच्या पहिल्या घटकेत आहे. कोशातून नुकताच बाहेर पडलेला काचपंखी पतंग काचपंखी नसतोच. त्याचे पंख राखी-पांढुरक्या खवल्यांनी झाकलेले, धुरकट असतात. पंख वाळून ताठ होतात, तो ते प्रथमच फडफडवतो, आणि त्या पहिल्याच फडफडीत बहुतेक सर्व खवले झडून हवेत उडून जातात. उरतो तो स्वच्छ पडदा. आपल्या कुळाची खूण तो जन्मतः घेऊन येतो आणि पहिल्या उड्डाणालाच टाकून देतो.

त्या पडद्यातही आणखी एक करामत आहे. काचेचा तुकडा उन्हात धरला की लखलखतो, आणि लखलखणारी वस्तू शत्रूच्या नजरेत भरते. या पतंगाचा पंख मात्र फारसा चमकत नाही. जपानमधील संशोधकांनी १९९६ व १९९७ साली याच जातीचे पंख इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवट्यांच्या नीटस ओळी आढळल्या. हे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. त्यांच्यामुळे प्रकाश पंखावर आदळून मागे फिरत नाही, सरळ पार जातो. चष्म्याच्या काचेवरील चकाकी घालविण्यासाठी माणूस तिच्यावर निराळा लेप देतो. या जीवाला ती सोय उपजतच लाभली आहे.

हे सारे कशासाठी? पट्टेदार, लवदार शरीर आणि न दिसणारे पंख यांमुळे तो दुरून मोठी मधमाशी किंवा भुंगाच भासतो. नांगीचा अनुभव घेतलेला पक्षी अशा आकृतीच्या वाटेस सहसा जात नाही. वस्तुतः या पतंगाला नांगी नाही, विष नाही, चावा घेण्यास तोंडही नाही. दुसऱ्याच्या शस्त्राच्या धाकावर तो निभावून नेतो.

याचे भाऊबंदही पुष्कळ आहेत. ‘सेफोनोडिस पायकस’ ही जवळची जात भारतातच आढळते. ‘हेमारिस’ नावाची दुसरी शाखा थंड मुलखात अधिक रमते. तिच्यातील ‘हेमारिस रुब्रा’ काश्मीरमध्ये सापडते. युरोपातील दोन प्रसिद्ध जाती केवळ पंखांच्या किनारीवरून ओळखतात : ‘फ्युसिफॉर्मिस’ची तांबूस किनार रुंद, तर ‘टिटियस’ची अरुंद. या शाखेचे खवले मध्यभागीचे झडतात आणि कडेचे टिकतात. अमेरिकेत ‘हेमारिस थिस्बी’ व ‘हेमारिस डिफिनिस’ या जाती आहेत. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींना त्या परसात सहज दिसतील, आणि तेथे खरा हमिंगबर्डही असल्यामुळे त्यांचा गोंधळ आपल्याहून अधिक क्षम्य मानावा लागेल. एक खुलासा मात्र येथेच केलेला बरा. गांधीलमाशीसारखे दिसणारे, पारदर्शक पंखांचे दुसरे लहान पतंगही आहेत. त्यांच्या अळ्या खोडे पोखरतात. त्यांचे कुळ सर्वस्वी वेगळे. पंखांच्या साम्यावरून नाते जोडू नये.

या पतंगांच्या अभ्यासाचा एक धागा आपल्या सीमाभागाशी जुळलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. कारवार हे आज कर्नाटकात असलेले गाव पूर्वी मुंबई इलाख्यात होते. तेथे वनखात्यात थॉमस बेल नावाचे अधिकारी होते. मीठ व जकात खात्यातील एडवर्ड एटकिन, ज्यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला, आणि मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन हे त्यांचे स्नेही. या तिघांनी मिळून उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर लेखन केले. पुढे बेल यांनी पतंगांकडे लक्ष वळविले. मेलेला कीटक टाचणीला टोचून पेटीत ठेवणे एवढ्यावर ते समाधानी नव्हते. ते अळ्या पाळीत. कोणती अळी कोणते पान खाते, कात कधी टाकते, रंग कसा पालटते, कोश कोठे करते, हे टिपून ठेवीत. या परिश्रमांतून मेजर स्कॉट यांच्या सहकार्याने भारतातील ससाणा पतंगांवरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतरही बेल कारवारातच राहिले आणि १९४८ साली तेथेच निवर्तले. पतंग समजून घ्यावयाचा तर त्याची अळी समजून घेतली पाहिजे, ही त्यांच्या कामाची शिकवण. आमच्या आजच्या विषयाचे मर्मही नेमके तेथेच आहे.

कारण हमिंगबर्डाच्या पत्रांखेरीज आमच्याकडे पत्रांचा आणखी एक गठ्ठा येतो, आणि त्यांतील सूर अगदी निराळा असतो. ‘अनंताच्या झाडाला हिरव्या शिंगवाल्या अळ्या लागल्या आहेत, पाने फस्त झाली, कोणते औषध फवारावे?’ अनंत म्हणजे पुष्कळ मराठी घरांतील देवाच्या फुलांचे झाड. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात बिऱ्हाडे थाटली, त्यांनी तुळशीवृंदावनाशेजारी अनंताचेही एक रोप लावले. आमचे हिंदी भाषक शेजारी त्याला गंधराज म्हणतात. त्या पांढऱ्याशुभ्र फुलांवर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा किती जीव असतो, हे आम्ही जाणतो. तेव्हा त्या पत्रांतील कळकळ खोटी नव्हे.

परंतु ही शिंगवाली अळी म्हणजेच तो काचपंखी पतंग आहे. ज्याच्या दर्शनाने मुले हरखली आणि ज्याच्या नाशाचा उपाय आजी विचारते, ते दोन जीव नव्हेत. एकाच जीवाच्या या दोन अवस्था आहेत. एकाच घरातून एका हाताने स्वागत आणि दुसऱ्या हाताने विष, असा प्रकार घडतो, तो केवळ ही ओळख नसल्यामुळे.

मादी पानांवर एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी कॉफीच्या कुळातील झाडांची पाने खाते. अनंत त्याच कुळातला. रानातील गेळ आणि कळंबही त्यातलेच. खुद्द कॉफीच्या झाडावरही ती वाढते. अळी हिरवीगार, पाठीवर फिकट रेघ, दोन्ही अंगांस श्वासरंध्रांचे तांबडे ठिपके, आणि शेपटीकडे एक शिंग. ते शिंग पाहून मुले घाबरतात, पण ते टोचत नाही आणि त्यात विषही नसते. कित्येकदा अळी अंगाचा पुढचा भाग उंचावून निश्चल बसते. मिसरमधील स्फिंक्सच्या पुतळ्याशी असलेल्या या साम्यावरूनच या कुळाचे शास्त्रीय नाव पडले. हिरव्यात हिरवी अशी ती मिसळून जाते, की पहिली चाहूल बहुधा झाडाखाली पडलेल्या काळसर लेंड्यांवरूनच लागते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे अडीच इंच भरते. मग ती खाली उतरते आणि पाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीत कोश करते.

फवारणीने यांतील काय साधते? अळ्या मरतात हे खरे. पण त्याच फवाऱ्याने मधमाश्याही मरतात, आणि अळ्यांच्या अंगात आपली अंडी घालून त्यांची संख्या आवरणाऱ्या चिमुकल्या माश्याही मरतात. निसर्गाने नेमलेले पहारेकरी नाहीसे झाले की पुढील खेपेस अळ्या पुन्हा येतात आणि आपण पुन्हा बाटली शोधतो. शिवाय ती फुले आपण देवास वाहतो, मुली वेणीत माळतात, लहान मुले नाकाशी नेतात.

यावर आमची सूचना अगदी साधी आहे. झाड जुने व सशक्त असेल, तर अळ्यांना त्यांचा वाटा खाऊ द्यावा. जमिनीत मुळे रुजलेला अनंत पानांची हानी भरून काढतो. पावसाळ्यात तर त्याला नवी पालवी लवकर फुटते. झाड कुंडीतले आणि लहान असेल, तर अळ्या हाताने अलगद उचलून त्याच कुळातील मोठ्या झाडावर नेऊन ठेवाव्यात. भलत्याच झाडावर ठेवल्यास त्या उपाशी मरतील. झाडाखालचा पाचोळा त्या दिवसांत झाडून काढू नये आणि माती खणू नये, कारण तेथे कोश असण्याचा संभव असतो. आणि मुलांना अळी जवळून पाहावयाची असेल, तर एखादी अळी जाळीदार झाकणाच्या बरणीत ठेवून तिला रोज अनंताची ताजी पाने घालावीत. तळाशी ओलसर माती व थोडा पाचोळा असू द्यावा. पतंग बाहेर पडेल त्या दिवशी झाकण काढून बरणी बागेत नेऊन ठेवावी. खवले झडण्याचा तो सोहळा ज्या मुलाने एकदा पाहिला, ते मूल पुढे अळी दिसताच ओरडत पळणार नाही.

अंगणे आता लहान झाली आहेत. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, अनंत कुंडीत आला, आणि कित्येक घरांत तोही राहिला नाही. अशा काळात एखादा रानातला जीव आपण लावलेले झाड शोधत सज्जापर्यंत येतो, ही गोष्ट लहान मानू नये. या महिन्यात आपल्या अनंताची पाने वाचकांनी एकदा उलटून पाहावीत. अळी आढळल्यास बाटलीकडे हात नेण्यापूर्वी घरातील मुलांना बोलावावे, तिचे शिंग व अंगावरील ठिपके दाखवावे, आणि आपणांस काय काय दिसले ते आम्हांस अवश्य लिहून कळवावे.