जबडा आणि सुपारी

तोंड उघडणें व मिटणें ही वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक क्रिया वाटते. परंतु बोलणें, जेवणें, गाणें, जांभई देणें या सर्वांकरितां कानांपुढील दोन सांधे एकाच वेळीं हालत असतात. प्रत्येक सांध्यांत हाडांचें घर्षण टाळणारी एक लवचीक चकती असते. हे सांधे बिघडले म्हणजे कट्कट् आवाज येतो, कानशील दुखतें व घांस चावणें कठीण होतें.

या बिघाडाचें कारण बहुधा एकच नसतें. हनुवटीस बसलेला मार, संधिवात, झोपेंत दांत खाणें, परीक्षेच्या अथवा संसाराच्या चिंतेनें दांत आवळून धरणें, नखें व पेन्सिली चावणें, अशीं अनेक कारणें एकवटतात. समाधानाची गोष्ट ही कीं, मऊ अन्न, शेक व जबड्यास विश्रांति एवढ्यानेंच पुष्कळांस उतार पडतो.

परंतु तोंड न उघडण्याचें दुसरें एक कारण आहे, आणि तें आपण स्वहस्तें मुलांच्या हातीं देतों. तें म्हणजे सुपारी. येथें मूळ दोष सांध्यांत नसतो. सुपारींतील द्रव्यांमुळें गालाच्या आंतील अस्तराखालीं तंतू वाढतात व तें ताठ होतें. प्रथम तिखट झोंबूं लागतें. मग तोंड हळूहळू कमी उघडतें. मुंबईच्या डॉ. जोशी यांनीं १९५३ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा विकार विश्रांतीनें परतत नाहीं, व कांहींजणांस त्यांतूनच कर्करोग होतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलें आहे.

कोणी म्हणेल, आपल्याच जिल्ह्यांतील श्रीवर्धनची सुपारी नांवाजलेली. पानसुपारीवांचून आदरातिथ्य कसलें? परंतु पाहुण्याचा आदर गूळपाण्यानेंही होतो. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तरी घरांतील तबकावर कोणाचा कायदा चालणार? तेथें आईबापांचाच अंमल. जो बाप स्वतः सुपारी कातरतो, त्याच्या उपदेशाचें मुलांवर वजन तें किती पडणार?

म्हणून पालकांस विनंति आहे कीं, त्यांनीं आजच मुलास त्याचीं तीन बोटें जुळवून, एकावर एक अशीं, पुढील दांतांमध्यें धरावयास सांगावें. तीं मावत नसल्यास त्यास दंतवैद्याकडे नेण्यास विलंब करूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुटींत कोणीं सुपारीची पुडी पुढें केली, तर ती नम्रपणें पण ठामपणें नाकारा.