पंगत किती वाजताची?

निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंतच्या आपल्या जैन घरांतून हल्ली क्रूझच्या सहली सर्रास निघतात. शिखरजी, श्रवणबेळगोळ, कुंथलगिरीच्या यात्रा चालूच आहेत, पण दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोवा-लक्षद्वीपचं जहाज किंवा सिंगापूरचं जहाज हेही आता यादीत आलंय. त्यात वावगं काही नाही. जन्मभर चुलीपुढं आणि मग गॅसपुढं उभ्या राहिलेल्या बाईनं चार दिवस समुद्र बघितला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. माझं भांडण जहाजाशी नाहीच. सहलीच्या पत्रकावर ठळक छापलेल्या चार शब्दांशी आहे: ‘शुद्ध जैन भोजनाची सोय’.

हे चार शब्द अर्धेच खरे असतात. कांदा, लसूण, बटाटा वगळला की जेवण जैन झालं, असं सहल काढणाऱ्यांनी ठरवून टाकलंय. पण आपल्यात जेवणाला पदार्थ असतो तशी वेळही असते. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त रात्रीभोजनाचा विचार हिंसेच्या विचारातच केला आहे. तेव्हा वेळ ही काही हौसेची गोष्ट नव्हे. सूर्य मावळल्यावर वाढलेली बिनकांद्याची भाजी, रात्री न जेवणाऱ्या बाईच्या काय कामाची सांगा बघू?

आता हा डिनर शो काय असतो ते नीट समजून घेऊया, कारण खरी मेख तिथंच आहे. जुन्या पद्धतीच्या क्रूझवर मुख्य भोजनगृहात दोन पंगती बसतात. पहिली साधारण सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. पहिल्या पंगतीची माणसं जेवून नाटकगृहात जातात, दुसऱ्या पंगतीची आधी खेळ बघून मग जेवायला येतात. इथवर ठीक आहे. पण डिनर शोमध्ये ताट आणि खेळ एकाच दालनात, एकाच तिकिटात बांधलेले असतात. ‘नॉर्वेजियन एपिक’ हे जहाज २०१० साली निघालं, त्यावर मोठ्या तंबूवजा दालनात कसरतींचा खेळ आणि जेवण असं एकत्र असायचं. असे खेळ बहुतेक जादा पैशांचे. टेबलं सामाईक, पुढच्या खुर्च्या महाग, आणि बुकिंग जहाज सुटायच्या आधीच मोबाईलवरून होऊन जातं. जहाजावर चढून विचारायला गेलं की खांबाआडची खुर्ची आणि उशिराची वेळ, एवढंच शिल्लक असतं.

आणि ‘पहिली पंगत घेतली की झालं’ असंही नाही हं. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासात होतात. म्हणजे जूनमध्ये सहाची पंगत चालेल, दिवाळीनंतर तीच पंगत चुकली. सिंगापूरला वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपासच असतो. अलास्काच्या जहाजावर जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोला मेच्या अखेरीपासून जुलैत बऱ्याच उशिरापर्यंत सूर्य मावळतच नाही. तिथं काय करायचं हे जाण्याआधीच महाराजांना विचारून घ्यावं लागेल. एकूण काय, जहाज कुठं, महिना कोणता आणि ताट किती वाजता, हे तीन प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय ‘जैन भोजनाची सोय’ या शब्दांना अर्थ नाही. हे प्रश्न आपल्या सहलीत कोण विचारतं? कुणीच नाही. कारण बुकिंग करतात दादा, मामा आणि समाजाचे कार्यकर्ते, आणि उपाशी राहतात अक्का, काकू आणि आत्या.

आमच्या गटाच्या एका सहलीत अकरा बायका रात्री न जेवणाऱ्या होत्या. डिनर शोची तिकिटं सगळ्यांची काढलेली, वेळ साडेआठची. त्या अकराजणी दोन तास ताटासमोर मांडीवर हात ठेवून बसल्या. सामाईक टेबल असल्यामुळं शेजारच्यांच्या ताटात मासे. जेवणाचे पैसे मात्र पूर्ण भरलेले, त्यातला एक रुपया परत नाही. सहल काढणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘काकू, जैन जेवणच दिलंय की. तुम्ही खाल्लं नाही त्याला मी काय करू?’’ आणि आपल्यातलेच एक गृहस्थ समजूत घालायला आले, ‘‘वैनी, समुद्रावर एवढं चालतं हो.’’

चालतं? कुणाचं चालतं? पुरुषांनी आपला नियम सोयीनं सैल केला की ती ‘प्रवासातली अडचण’ होते. बाईनं नियम पाळला की तो ‘हट्ट’ होतो. घरात चातुर्मास पाळायचा बाईनं, पर्वात एकाशन करायचं बाईनं, बस्तीत पूजेची तयारी करायची बाईनं, व्रतांचा अभिमान मिरवायचा मात्र सगळ्या समाजानं. आणि चार दिवस बाहेर पडलं की त्याच व्रताची अडगळ वाटायला लागते!

काहीजणी म्हणतात, ‘‘एवढं सांभाळायचं तर घरीच बसावं.’’ हे ऐकलं की मला सगळ्यात जास्त राग येतो. व्रत म्हणजे काय घराला लावलेलं कुलूप आहे? मुंबईत मगनबाई आणि सोलापुरात सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. त्या शिकलेल्या बायकांच्या पुढच्या पिढ्यांनी आपल्या तिकिटावरची बारीक अक्षरं दुसऱ्या कुणी वाचावी म्हणून वाट बघायची?

दुसऱ्या म्हणतात, ‘‘आपल्यामुळं बाकीच्यांची मजा कशाला घालवायची?’’ अहो, कुणाचा खेळ थांबवा असं आपण म्हणतच नाही. रात्री जेवणाऱ्यांनी खुशाल जेवावं. मी कुणाच्या ताटात डोकवायला आलेली नाही. आपण मागतोय ते एवढंच की ताट आणि खुर्ची वेगळी करा. ते अशक्य मुळीच नाही. ‘एमएससी मेराविलिया’ या २०१७ च्या जहाजावर कसरतींच्या खेळाला दोन तऱ्हेची तिकिटं होती: एक जेवणासह, दुसरं फक्त पेयासह आणि स्वस्त. म्हणजे खेळ बघायला जेवायलाच पाहिजे असा काही समुद्राचा कायदा नाही. पेय नको म्हणून सांगायचं आणि पुढ्यात काही न घेता खेळ बघायचा. मागितलं तर मिळू शकतं. न मागता मात्र कुणीही देत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सहलीचं पत्रक हातात आलं की पैसे भरायच्या आधी एवढं करा. गटात रात्री न जेवणाऱ्या किती, चौविहार करणाऱ्या किती आणि रात्री फक्त पाणी घेणाऱ्या किती, याची यादी तुम्ही स्वतः करा. जहाज कंपनीला खास आहाराची सूचना आधीच द्यावी लागते. रोजचा सूर्यास्त आणि रोजच्या जेवणाची वेळ शेजारी-शेजारी लिहून मागा, तोंडी आश्वासन घेऊ नका. डिनर शो असेल तर जेवणाशिवायचं तिकीट आहे का ते विचारा. नसेल तर तेवढे पैसे आपल्याकडून घेऊ नका म्हणून सांगा, आणि ती संध्याकाळ मोकळी ठेवा. जहाजाच्या बुफेत दिवसाउजेडी जेवून डेकवर गप्पा मारत बसलात तरी काही बिघडत नाही. टेबल सामाईक असेल तर आपल्या गटाचं वेगळं टेबल आधी नोंदवा. आणि एकट्या आलेल्या, नवरा गेलेल्या बायकांना जोडप्यांच्या टेबलावरच्या उरलेल्या खुर्च्यांवर विखरून बसवतात, ते चालू देऊ नका. त्यांची खुर्ची त्यांच्या मैत्रिणींजवळच हवी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुकिंग करणाऱ्यांत दोन बायका हव्यातच. लग्नाच्या मांडवात शेवटची पंगत आपली, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. निदान तिथं वाढणारी माणसं घरची होती. इथं आपण स्वतःच्या पैशानं चाललोय. पुढचं पत्रक आलं की ‘शुद्ध जैन भोजनाची सोय’ या चार शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी लिहा: किती वाजता? उत्तर लेखी येईपर्यंत पैसे भरू नका.